रस्त्याचे पाणी आणि शेजाऱ्याचे शेत

गावाला पक्का रस्ता आला म्हणजे शेतमाल बाजारात वेळेवर पोचतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येते, मुलांना पावसाळ्यातही शाळा गाठता येते. रस्त्याचे हे फायदे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्याच रस्त्याने पावसाळ्यात पाणीही येते, आणि त्याची विल्हेवाट आधी ठरविलेली नसेल तर ते पहिल्या मोठ्या सरीबरोबर कोणाच्या तरी शेतात, मळ्यात किंवा घरात शिरते. लासलगावच्या बाजारासाठी तयार केलेले कांद्याचे रोप एका रात्रीत गाळाखाली जाते. द्राक्षबागेच्या कडेला कमरेइतकी घळ पडते. आणि वर्षानुवर्षे बांधाला बांध लावून नांदणारी दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी रस्त्याचे पाणी कोठून येते, कोठे जमा होते आणि कोठे सोडले जाते, या तीन गोष्टी शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजावून घेतल्या पाहिजेत.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

नाशिक जिल्ह्यात पावसाचे मान सर्वत्र सारखे नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या पश्चिमेकडील तालुक्यांत घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस पडतो. इगतपुरी येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत मात्र तो साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. यावरून पूर्व भागात रस्त्याच्या पाण्याचा त्रास नसावा, असे एखाद्यास वाटेल. पण तो समज बरोबर नाही. कमी पावसाच्या मुलखात वर्षाचा बराचसा पाऊस थोड्या जोरदार सरींतच पडून जातो. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी सिन्नर येथे झालेल्या अतिवृष्टीने सरस्वती नदीला जो पूर आला, त्यावरून अवर्षणप्रवण तालुक्यातही पाणी काय करू शकते याची कल्पना येते. म्हणून रस्त्याकडेची चारी किंवा मोरी वर्षाच्या एकूण पावसावर बेतून चालत नाही. एका तासात किती पाऊस पडतो, हे पाहून ती बेतावी लागते.

दुसरी गोष्ट जमिनीची. निफाड व आसपासच्या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाच्या आरंभी पुष्कळ पाणी पिते. परंतु एकदा फुगून भेगा मिटल्या की तिच्यात पाणी फार सावकाश मुरते. अशा जमिनीवर रस्त्याचे पाणी आले तर ते साचून राहते. याउलट उताराच्या मुरमाड व हलक्या जमिनीत पाणी साचत नाही, पण माती घेऊन जाते. एक हेक्टर जमिनीवरील एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १०० घनमीटर, अर्थात सुमारे १३० टन माती होय. तो थर पुन्हा तयार होण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही.

रस्त्यामुळे काय बदलते?

रस्ता होण्यापूर्वी उतारावरचे पाणी पसरून वाहत असते. ते बांधाबांधातून, गवतातून, थोडे मुरत, थोडे थांबत खालच्या ओढ्याला मिळते. उताराला आडवा असा रस्त्याचा भराव पडला म्हणजे या व्यवस्थेत तीन बदल होतात.

पहिला बदल असा की, डांबर किंवा सिमेंट काँक्रीटच्या पृष्ठभागात पाणी मुरत नाही. दुसरा, भरावाच्या वरच्या अंगाला सारे पाणी अडते आणि चारीने वाहत एका मोरीपाशी गोळा होते. तिसरा, गोळा झालेल्या पाण्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की त्याची झीज करण्याची शक्ती चौपट होते, हे ध्यानात ठेवावे.

एक हिशोब करून पाहू. समजा, ६ मीटर रुंदीचा व १ किलोमीटर लांबीचा रस्ता उताराला आडवा गेला आहे. त्याच्या वरच्या अंगाला १०० मीटर रुंदीचा, म्हणजे १० हेक्टरचा पाणलोट आहे. तासात ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर या १० हेक्टरांवर ३,००० घनमीटर पाणी पडेल. त्यातील एकतृतीयांश वाहून आले असे धरल्यास ते १,००० घनमीटर होते. रस्त्याच्या निम्म्या रुंदीचे पाणी वरच्या चारीत पडेल, ते ९० घनमीटर. एकूण १,०९० घनमीटर, म्हणजे सुमारे ११ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजल्यास १०९ टँकर.

रस्ता नसताना हे पाणी किलोमीटरभर रुंदीत पसरून खाली गेले असते. प्रत्येक मीटर रुंदीच्या वाट्याला तासाभरात सुमारे एक घनमीटर पाणी आले असते, आणि त्याने कोणाचे नुकसान झाले नसते. आता तेच पाणी एका मोरीच्या तोंडातून दर सेकंदाला सुमारे ३०० लिटर या प्रमाणात एकाच शेतात पडते. त्याच किलोमीटरमध्ये पाच मोऱ्या असत्या, तर प्रत्येकीतून सरासरी ६० लिटर पाणी आले असते. पाऊस तोच, जमीन तीच. नुकसान झाले ते पाणी एके ठिकाणी आणून सोडल्यामुळे. पुढील सर्व उपायांचे मूळ या एकाच गोष्टीत आहे: रस्त्याचे पाणी थोडे थोडे करून, पुष्कळ ठिकाणी, हळू वेगाने सोडावे आणि ते नैसर्गिक नाल्यापर्यंत सुखरूप पोचवावे.

महामार्गाच्या बाबतीत हे आकडे वाढतात. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा पट्टा सर्वसाधारणपणे १२० मीटर रुंद आहे; म्हणजे दर किलोमीटरला १२ हेक्टर जमीन एकट्या रस्त्याच्या पट्ट्याचीच झाली. हा महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण लांबीवर खुला झाला. अशा रस्त्यालगतच्या शेतकऱ्याने आपल्या शेताजवळची मोरी कोठे उघडते आणि तिचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते, हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

दोष कोठे कोठे असतो?

नुकसान झाले की दोष रस्ता बांधणाऱ्यावर टाकण्याकडे स्वाभाविक कल असतो. पुष्कळदा तो योग्यही असतो. मोऱ्या कमी ठेवलेल्या असतात. मोरीचे तोंड नाल्यापासून दूर, नांगरट केलेल्या जमिनीत उघडते. डांबराचे थरावर थर चढून रस्ता उंच होतो आणि साईडपट्टी मात्र तशीच राहते. जिल्ह्याच्या दुष्काळी भागात १९७२-७३ च्या दुष्काळी कामांतून व पुढे रोजगार हमीतून मातीचे अनेक रस्ते झाले. असे जुने रस्ते खडी, मुरूम व डांबर चढत चढत पक्के होतात. परंतु बैलगाडीच्या काळातील मोरी बदलल्याशिवाय राहिली असेल, तर ती आजच्या पाण्यास पुरत नाही.

तथापि शेतकऱ्यांच्या हातूनही चुका होतात, हे मान्य करावयास हवे. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी रस्त्याकडेच्या चारीत माती व दगड टाकून वाट केली जाते, आणि तिच्याखाली नळा घालण्याचे राहून जाते. असा एक भराव साऱ्या चारीचे पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या शेतात ढकलतो. कोणी चारीपर्यंत नांगर घालतो. कोणी ऊस-मक्याचे धसकट, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या किंवा मल्चिंगचे प्लॅस्टिक चारीत टाकतो. तर कोणी आपल्या शेतात पाणी येऊ नये म्हणून मोरीचे तोंडच बुजवितो. मोरी बुजविल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते वरच्याच्या पिकात साचते आणि शेवटी रस्ता फोडून, दुप्पट जोराने, खालच्याच्याच शेतात येते.

पाहणी कशी करावी?

पाण्याची खरी पाहणी पावसातच होते. मृगाचा पहिला चांगला पाऊस सुरू असताना कार्यकर्त्याने छत्री घेऊन रस्त्याने चालत जावे आणि पाणी कोठे रस्ता ओलांडते, कोठे साईडपट्टी खाते, कोणत्या मोरीतून गढूळ येते व कोणत्या मोरीत मुळीच येत नाही, याची नोंद करावी. गढूळ पाणी म्हणजे वर कोठेतरी माती तुटत आहे, अशी खूण समजावी.

पाण्याचा वेग पाहण्यासाठी चारीच्या काठाने १० मीटर अंतर मोजून दोन खुंट्या ठोकाव्यात व वरच्या खुंटीपाशी वाळलेले पान सोडावे. पान दहा सेकंदांत खालच्या खुंटीला पोचले, तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला एक मीटर आहे. उघड्या, मऊ मातीच्या चारीला एवढा वेग सोसत नाही. ती खचू लागते. हरळीचे दाट गवत असलेल्या पाटाला सेकंदाला सुमारे दीड मीटरपर्यंतचा वेग सोसतो.

पाऊस उघडल्यावर गावाचा नकाशा घेऊन बसावे. हा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर दाखविलेले नाले व ओहोळ आज जागेवर आहेत काय, की कोणाच्या सपाटीकरणात गेले आहेत, हे ताडून पाहावे. उतार मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी व दोन पट्ट्या पुरतात. वरच्या व खालच्या, अशा दोन्ही शेतकऱ्यांच्या समक्ष मोजणी केल्यास पुढील वाद निम्मा मिटतो.

करावयाचे उपाय

१. *रस्त्याचा माथा.* रस्ता मध्ये उंच व दोन्ही कडांना उतरता असावा. जोरदार पावसाच्या भागात मातीच्या रस्त्यास मध्यापासून कडेपर्यंत दर १०० सेंटिमीटरला ४ सेंटिमीटर, मुरूम-खडीच्या रस्त्यास ३ सेंटिमीटर व साध्या डांबरी रस्त्यास अडीच सेंटिमीटर उतार ठेवतात. साईडपट्टी रस्त्याहून उंच राहता कामा नये. ती उंच राहिली की पाणी चारीत न पडता रस्त्यावरूनच धावते आणि वळणावर एकाच शेतात उतरते.

२. *चारी व तिच्यातील अडसर.* चारीचा तळ सपाट व काठ उतरते असावेत. काळ्या मातीत उभे काठ टिकत नाहीत. उतार जास्त असल्यास चारीत दगडांचे लहान अडसर घालावेत. वरच्या अडसराचा पाया खालच्या अडसराच्या माथ्याच्या पातळीत यावा, हा साधा नियम. ३० सेंटिमीटर उंचीचे अडसर असतील व चारीचा उतार शंभराला ३ असेल, तर अडसरांत १० मीटर अंतर ठेवावे. अडसराचा मध्य काठांपेक्षा खोलगट ठेवावा, नाहीतर पाणी बाजूने माती कापून जाईल.

३. *वळण चर.* चारीतील पाणी फार वाढण्यापूर्वीच ते थोडे थोडे बाहेर काढावे. त्यासाठी पडीक, गवताच्या किंवा मालकाने संमती दिलेल्या जागेकडे तिरपे वळण चर काढावेत. उतार जितका तीव्र, तितके ते जवळ जवळ हवेत. चराचे शेवटचे टोक समपातळीत रुंद करून गवतात सोडल्यास पाणी पूर्वीप्रमाणे पसरून जाते.

४. *शेताची वाट.* चारीवरून शेतात जाणाऱ्या प्रत्येक वाटेखाली सिमेंटचा नळा घालावा. तो इतका मोठा असावा की पावसाळ्यात काठीने किंवा फावड्याने साफ करता येईल. नळ्याचा तळ चारीच्या तळाशी जुळवावा. उंच बसविलेला नळा म्हणजे बांधच होय.

५. *मोरीचे तोंड.* मोरीतून पाणी पडते तेथे दगडाची फरसबंदी करावी. तिची लांबी मोरीच्या रुंदीच्या निदान तिप्पट-चौपट असावी व शेवटी मोठे दगड जमिनीत गाडावेत. पाण्याचा जोर येथे मोडला नाही, तर घळीची सुरुवात येथूनच होते आणि ती दरवर्षी शेतात पुढे सरकते.

६. *मोरीपासून नाल्यापर्यंत गवताचा पाट.* हा सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित भाग होय. मोरीशी रस्त्याचे काम संपले, असे मानले जाते. पाण्याचे काम मात्र तेथून सुरू होते. वरील उदाहरणातील ३०० लिटर पाण्यासाठी, जमिनीचा उतार शंभराला १ असता, तळाशी १ मीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल आणि एकास दोन उताराच्या काठांचा पाट पुरतो. वर त्याची रुंदी २ मीटर ६० सेंटिमीटर होईल. त्यात हरळी लावावी आणि ती धरेपर्यंत त्यातून पाणी सोडू नये. म्हणून हे काम शक्यतो आदल्या वर्षी करावे.

नाला १५० मीटर अंतरावर असेल, तर या पाटाला सुमारे चार गुंठे जमीन लागते. ती कोणी द्यावयाची, येथेच पुष्कळ योजना अडतात. पाट दोन शेतांच्या हद्दीवरून नेल्यास प्रत्येकाची दोन गुंठे जाते. पाट नसेल तर घळ, गाळ व साचलेले पाणी मिळून याहून कितीतरी अधिक क्षेत्र नापीक करतात. शिवाय पाटातील गवत जनावरांना वैरण म्हणून कापता येते. हे गणित दोघांच्या समोर, त्यांच्याच बांधावर मांडावे. गावच्या चावडीवर मांडलेल्या गणितापेक्षा ते लवकर पटते.

७. *पाणी उपयोगात आणणे.* सिन्नर, येवला, नांदगाव यांसारख्या भागांत रस्त्याचे पाणी हा त्रास नसून ठेवाही ठरू शकतो. केनियातील कितुई व मकुएनी आणि इथिओपियातील तिग्राय या कोरड्या प्रदेशांत रस्त्याच्या मोऱ्यांचे पाणी तळ्यांत व चरांत वळविण्याची कामे झालेली आहेत. आपल्याकडेही मोरीचे पाणी शेततळ्यात घेता येईल. मात्र तळ्याच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी वेगळा खड्डा ठेवावा, जास्तीच्या पाण्याला पक्का सांडवा असावा, आणि सांडव्याचे पाणीही नाल्यालाच जावे. डांबरी रस्त्यावरील पाण्यात तेल व कचरा असतो. ते पिण्याच्या विहिरीत थेट सोडू नये.

पिकांची व घरांची काळजी

रस्त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतात पोळ कांद्याचे रोप सपाट वाफ्यात न टाकता गादीवाफ्यावर टाकावे. कांद्याला साचलेले पाणी सोसत नाही. द्राक्षबागेत पाणी साचून राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही व पांढरी मुळी मरते. हस्ताच्या पावसात, ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास, हा धोका विशेष असतो. म्हणून बागेच्या वरच्या अंगाला पाणी वळविणारा चर गणपतीपूर्वीच साफ करून ठेवावा.

गावठाणातील काँक्रीट रस्त्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. जुना रस्ता न उकरता त्यावर नवे काँक्रीट टाकीत गेल्यास रस्ता घराच्या जोत्याहून उंच होतो आणि पाणी उंबरठा ओलांडते. काम सुरू होण्यापूर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सर्वांत खालच्या घराचे जोते मोजावे आणि नव्या रस्त्याची पातळी त्याहून खाली ठेवण्याचा आग्रह ग्रामसभेत धरावा. काम झाल्यावर केलेल्या तक्रारीने रस्ता खाली जात नाही.

हक्क व जबाबदारी

वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीवर जाऊ देणे, हे तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात सांगितलेले आहे. त्याचा अर्थ असा की, खालच्या शेतकऱ्याने नैसर्गिक प्रवाह अडवू नये. परंतु पसरून येणारे पाणी चर खणून, गोळा करून, शेजाऱ्याच्या एका कोपऱ्यात सोडणे हा नैसर्गिक प्रवाह नव्हे. तसे वरच्यानेही करू नये.

शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कोणी कायदेशीर अधिकाराशिवाय अडथळा केला व त्यामुळे शेताचे किंवा पिकाचे नुकसान झाले अथवा होण्याचा संभव असला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. हा दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मृगात झालेल्या अडथळ्याची तक्रार पुढच्या उन्हाळ्यात करावयास गेल्यास मुदत टळलेली असते.

सार्वजनिक रस्त्याविषयीची मागणी तो रस्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे करावी. ग्राममार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. समृद्धी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. अर्जासोबत गट क्रमांक, मोरीचे ठिकाण, पाऊस पडत असतानाची तारखेसह छायाचित्रे व नाल्यापर्यंतचा साधा नकाशा जोडावा. नुकसानीचा पंचनामा लगेच करून घ्यावा. रागाच्या भरात रस्ता खोदणे किंवा मोरी बुजविणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्यामुळे बरोबर असलेली बाजूही चुकीची ठरते.

वर्षाचा कार्यक्रम

एप्रिल-मेमध्ये चाऱ्या व मोऱ्या साफ कराव्यात आणि वाटांखालील नळे तपासावेत. जूनमध्ये पहिल्या पावसात पाहणी करावी. जुलैमध्ये पाटांत हरळी व काठांवर गवत लावावे. हे पाणी पुढील पावसाळ्यापर्यंत जुन्याच वाटेने जाऊ द्यावे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर मोरीच्या तोंडाची फरसबंदी पाहावी. सुटलेला एक दगड त्याच दिवशी बसविणे सोपे असते. ऑक्टोबरनंतर मोठी दुरुस्ती हाती घ्यावी व नव्या मोऱ्यांच्या मागण्या ग्रामसभेच्या ठरावाने पुढे पाठवाव्यात.

रस्ता साऱ्या गावाच्या सोयीसाठी होतो. त्याच्या पाण्याचा भार एकट्या कुटुंबाच्या शेतावर पडू देणे न्यायाचे नाही. प्रत्येक मोरीचे पाणी नाल्याला मिळेपर्यंत ते गावाचे पाणी आहे, असे समजून त्याची व्यवस्था लावावी. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या रस्त्यावरील एका तरी मोरीचे पाणी अशा रीतीने नाल्यापर्यंत पोचवावे. ते पाहून बाकीच्या मोऱ्यांचे काम करण्यास गाव आपणहून पुढे येईल.